आधी पिशवी, मग सामान

आये,

गेले दोन महिने आपल्या घरात एका पिशवीवरून जे रामायण चाललंय ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तू असतीस तर पहिल्याच संध्याकाळी निकाल लावला असतास, हातातला चहा गार व्हायच्या आत. तू गेलीस तेव्हा आपण चाळीतच होतो, म्हणून आधी एवढं सांगते की चाळ पाडली, काही वर्षं आम्ही भलतीकडेच भाड्याच्या खोलीत काढली, आणि मग त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. नवव्या मजल्यावर. घरात मी, माझी लेक आणि बाबा. तुझे जावई नोकरीपायी नाशिकला असतात, शनिवार-रविवारचे पाहुणे. हो, बाबा आहेत अजून. नव्वदीला टेकलेत, दात गेले, गुडघे कुरकुरतात, पण सुका बोंबील सोडलेला नाही. दिवसभर खिडकीत बसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "एवड्या उंचीर आमच्या गिरणीची चिमणी होती, माणूस नाय." लालबागमध्ये राहून लालबाग दिसत नाही अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरीच आहे. वरून फक्त पत्रे आणि पुलावरच्या गाड्या दिसतात.

तर झालं असं, की जवळच्याच एका टॉवरमध्ये उन्हाळ्यात धूर झाला. कुणाला काही झालं नाही, पण आमच्या सोसायटीच्या कमिटीची झोप उडाली. त्यांनी एक माहीतगार माणूस बोलावला. त्याने खाली पार्किंगमध्ये सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून सांगितलं, की प्रत्येक घराने दाराजवळ एक छोटी, सुटसुटीत बॅग तयार ठेवायची. दोन-तीन दिवस घराबाहेर काढावे लागले तर लागेल तेवढंच तिच्यात. औषधं, पाणी, टॉर्च, शिट्टी, सुका खाऊ, कपड्यांचा एक जोड, कागदपत्रांच्या झेरॉक्स. घंटा वाजली की बॅग उचलायची आणि लिफ्टकडे न बघता जिन्याने खाली. त्याने एवढं सांगितलं आणि तो चहा पिऊन गेला. मागे राहिल्या आम्ही बायका. एवढं सगळं मावेल अशी छोटी बॅग कुठली, यावर तिथेच तासभर खल झाला. एकीचं म्हणणं ट्रॉली. दुसरीचं म्हणणं, नवऱ्याची जिमची बॅग तशीही वापराविना पडलीय. माझ्या लेकीने वर आल्याआल्या मोबाईल काढला. "आई, ही बघ. चाळीस लिटर. मस्त आहे." मी म्हटलं, "बॅगेत काय ताक भरायचंय का?" तर म्हणे हल्ली बॅगा लिटरवरच मोजतात. तुला ऐकून हसू येईल. लिटर म्हटलं की मला अजून रॉकेलची रांग आठवते.

आणि मग अर्थातच तू आठवलीस. संपाचं पहिलं वर्ष. मी सातवीत. बाबांच्या साचेखात्यातले माग बंद, गिरणीचा भोंगा बंद, आणि तू मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचे देठ मोडायला जातेस. संध्याकाळी घरी येतेस ती शिंकतच, आणि तुझ्या मागोमाग मी आणि बाबाही शिंकतो. त्या दिवसांत गिरण्यांतली माणसं टोळ्याटोळ्यांनी मोर्चाला जात आणि स्वतःहून अटक करून घेत. बाबांची पाळी आली तेव्हा तू सगळ्या पिशव्या काढून खोलीच्या मधोमध मांडल्यास. गावची ट्रंक, ती बघूनच बाबा म्हणाले, "जेलात जातंय, लग्नाक नाय." बाजाराची पिशवी, तिला तोंड उघडं. डब्याची पिशवी, तिच्यात टॉवेलही मावेना. मग तू गिरणीतून मिळालेल्या कापडाचा तुकडा काढलास आणि मांडीवर ठेवून हातानेच एक पिशवी शिवलीस. लांब पट्ट्याची, गळ्यातून आडवी घालायची, कमरेला चिकटून बसेल अशी. मी विचारलं, एवढीशी का? तू सुईत दोरा ओवताना माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पयली पिशयी घे गो, मगे सामान काढ. आदी सामान काढलंस तर ट्रंकय पुराची नाय." आणि पट्टा कशाला, तर हात मोकळे हवेत. मोर्च्यात ढकलाढकली झाली की माणसाने माणसाला धरायचं असतं, पिशवीला नाही.

शिकवण सोळा आणे खरी. पण तुझ्या हातून तेव्हा एक चूक झालीच. पिशवी तयार आहे हे तू नळावर बोललीस. आपल्या कोकणातल्या माणसांची खोड तुला सांगायला नको. कुणी गावाला निघालं की अख्खी चाळ त्याच्या हाती काहीतरी देते. कुणाच्या आईला पातळ, कुणाच्या भावाला औषध, कुणाला नुसतीच खारकेची पुडी. आणि नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलं की सात पिढ्यांचा अपमान. तर जेल म्हणजे जणू सावंतवाडी! शेजारच्या काकी आल्या. त्यांचे काका आधीच्या टोळीबरोबर आत गेलेले. त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू, नवीन साबणाची वडी, आणि मिश्रीची डबी. त्यांच्यामागून आणखी दोघी. तू हसून सगळ्यांचं घेत गेलीस आणि पिशवी फुगत गेली. मग जागा करायला तू बाबांचा सदरा काढलास, मग टॉवेल काढलास, शेवटी बाबांचं स्वतःचं म्हणून फक्त एक दात घासायचा ब्रश राहिला. बाबा तसेच गेले. पोस्टमनसारखे.

ते परत आले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. दारात उभे आहेत, दाढी वाढलेली, आणि वास असा की मी दोन पावलं मागे सरते. काका दुसऱ्याच तुरुंगात होते, त्यामुळे काकींची वस्तू पोचलीच नव्हती. बाबांनी पिशवी उलटी केली. लाडवांवर हिरवी बुरशी, मिश्रीची डबी जशीच्या तशी, आणि साबणाची वडी, तिचा कागदही फाडलेला नाही. तू कपाळावर हात मारलास. "साबण होतो मा पिशयेत? मगे आंघोळ कित्याक नाय केल्यात?" बाबा अगदी साधेपणाने म्हणाले, "तो आपलो नाय. लोकाचो." काकींना कळलं तेव्हा त्या आपल्याच दारात बसून हसून हसून रडल्या. "अवो, वापरल्यात असतो तर काय मी पोलिसात गेलंय असतंय?" चाळीत पुढे कितीतरी दिवस बाबांना बघितलं की लोक साबणाचा भाव विचारत. आणि तू शहाणी झालीस. पुढच्या वेळी पिशवी भरलीस आणि कच्चा टाका घालून तिचं तोंडच शिवून टाकलंस. एक दोरा ओढला की उघडेल, पण कुणाला वरून काही कोंबता येणार नाही. ती पिशवी मी जपून ठेवलीय असं लिहायला मला आवडलं असतं, पण खोटं कशाला लिहू? घरं बदलताना ती कुठे गेली, देव जाणे.

आता आजचं ऐक. मी बॅगेच्या मागे लागले त्याला कारण बाबा. त्या माहीतगार माणसाची कथा मी घरी येऊन सांगितली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमी दोगी जावा. मी येवचंय नाय." मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. "माझे पाय नऊ मजले उतराचे नाय. माका धरून तुमी वाटेत अडाकतल्यात. मी आता सामान, गो. आगीत सामान टाकूनच जायचा असता." आये, मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग कसला, भीतीच ती. मी तुम्हाला टाकून जाणार नाही म्हटलं तर ते म्हणाले, म्हणून तर आत्ताच सांगून ठेवतोय. माझ्या लेकीने समजावलं, तुझ्या जावयांनी नाशिकहून फोनवर समजावलं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बोंबलाचं कालवण वाढायला सांगितलं. सोसायटीने जिन्याने उतरायची तालीम ठेवली तेव्हा सगळा टॉवर खाली गेला, आणि हे खिडकीत बसून वरून आम्हाला हात करत होते.

मी मनाशी एकच धरलं. माझा एक हात बाबांना, एक हात कठड्याला. याच्यापलीकडे तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणजे बॅग अशी हवी की जिला हातच लागू नये. दादरला स्टेशनबाहेरच्या एका बॅगांच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका, माझ्याहून थोरला. आधी त्याने ट्रॉली काढली. मी म्हटलं, "जिन्यावरून काय घरंगळत सोडू?" मग एका खांद्यावरची काढली. ती घालून मी वाकले, तर पट्टा घसरून कोपरात आला. आडव्या पट्ट्याची, अगदी तुझ्या पिशवीसारखी, तिच्यावर माझा जीव बसला होता. पण पायरी उतरताना ती झोका घेऊन पुढे येते आणि बरोबर शेजारच्याच्या गुडघ्यावर आपटते. शेजारचे गुडघे कुणाचे, ते तुला ठाऊक आहे. कमरेला बांधायचा पाऊच आणला, त्यात बाबांच्या गोळ्यासुद्धा मावल्या नसत्या. ट्रेकला जायची मोठी पाठपिशवी बघितली. भरली तर मीच मागे उलटी पडेन. शेवटी मी म्हटलं, "दादा, जरा बाहेर या आणि मला हात द्या." त्यांना वाटलं बाईला चक्कर आली. मी एकेक बॅग पाठीवर घालून, त्यांचा हात धरून, त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या चढत-उतरत होते. समोरचा फुलवाला हातातला हार टाकून बघत राहिला. दुकानदार म्हणाले, "ताई, लग्नानंतर एवढा वेळ हात कुणी धरला नव्हता माझा."

पसंत पडली ती शाळेची बॅग. रुंद, मऊ पट्टे, छातीवर एक बक्कल म्हणजे पट्टे घसरायला नकोत, दोन्ही अंगांना बाटलीचे कप्पे, आणि अंधारात चमकणारी पांढरी पट्टी. पाठीच्या वर जात नाही आणि कमरेच्या खाली उतरत नाही. एकच खोट होती. त्या मापात फक्त केशरी रंग उरलेला, आणि त्याच्यावर भलामोठा हसरा ससा. मी ससा मान्य केला. घरी आणली तर लेक पोट धरून हसली, आणि बाबांनी विचारलं, "कुठच्या यत्तेत नाव घातलंस?"

मग तुझ्या नियमाने, आधी पिशवी आणि मग सामान. बॅग दारामागच्या खुंटीला लावली आणि तिच्या मापाने एकेक वस्तू निवडली. जे मावलं नाही ते गरजेचं नव्हतं असं समजायचं. बाबांचा जोड एक, माझा जोड एक, लेक तिच्या ऑफिसच्या बॅगेतून तिचं बघणार. चिकू, केळी असले तिचे बेत मी हाणून पाडले आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवली. मग बाबांना दात नाहीत हे आठवून चिक्की काढली आणि खजूर ठेवले. तोंडावर धरायला जाडसर पंचे, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, शिट्टी, गोळ्या. पाठीवर घालून घरभर फिरले. हलकी होती. आणि इतकं सगळं शहाणपण करून मी काय केलं असेल? लिफ्टमध्ये काकींना सांगितलं. त्याच काकी. काका आता नाहीत, त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात आणि महिन्यातले पंधरा दिवस लेकीकडे प्रभादेवीला असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात. हातात एक डबी. "मी नसतंय घराक. ह्या तुझ्या पिशयेत ऱ्हवांदे." डबीत त्यांचं मंगळसूत्र होतं, काका गेल्यापासून न घातलेलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. रक्तातच आहे ते, आये, मी तरी काय करणार. बाबा खिडकीत बसून सगळं बघत होते.

परवा दुपारी घंटा वाजली. तालमीची नव्हती. आमच्या टॉवरच्या दुसऱ्या अंगाला वायरी जातात त्या पोकळीत काहीतरी जळालं होतं. दिवे गेले, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये जळक्या रबराचा वास. लेक ऑफिसात. काकी प्रभादेवीला. घरात मी आणि बाबा. आमच्या बाजूचा जिना स्वच्छ होता, लोक हाका मारत उतरत होते. मी बॅग काढली आणि बाबांपुढे उभी राहिले. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "जा तू." मी म्हटलं उठा. ते म्हणाले, "जा म्हटलंय मा." मी ओरडले, रडले, दंड धरून ओढलं. नव्वदीचा माणूस, पण साच्यावर उभं राहून झालेली हाडं आहेत, जागचे हलले नाहीत. तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. मी बॅग माझ्या पाठीवर घालायच्या ऐवजी त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "बाबा, ह्याच्यात काकींची डबी आहे. मला हिचं ओझं झेपणार नाही, माझे हात कापतायत. ही खाली कोण पोचवणार?"

त्यांनी बॅगेकडे बघितलं. सशाच्या डोक्यावर हात ठेवला. मग एक मोठा उसासा टाकला, कामाची पाळी सुरू होताना टाकायचे तसा, आणि म्हणाले, "लोकाची वस्तू घेऊन ठेवतास कित्याक गो तुमी बायका?" आणि उठले. उठले, आये! मी पट्टे त्यांच्या खांद्यांवर चढवले, छातीवरचं बक्कल लावलं. बॅग त्यांना बेतून शिवल्यासारखी बसली. मला उगाच वाटत होतं की मी ती माझ्या मापाने घेतलीय.

नऊ मजले आम्ही कसे उतरलो ते आम्हालाच माहीत. प्रत्येक वळणावर थांबायचं, ते कठडा धरून दम खायचे, मागून येणाऱ्यांना "जावा, जावा, तुमी फुडे व्हा" म्हणायचे. एकदा पाठ चाचपून विचारलं, "चेन लागलेली आसा मा?" माझा हात मात्र त्यांनी पहिल्या पायरीला धरला तो धरलाच. लहानपणी त्यांनी कधी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. ते पाळीवरून यायचे तेव्हा मी झोपलेली, आणि मी शाळेत जायचे तेव्हा ते झोपलेले. संपात ते घरी होते, पण तेव्हा मी बापाचा हात धरून चालायच्या वयाची उरले नव्हते. तळहात इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. मजला कुठला, ते बघायचं मी मध्येच सोडून दिलं.

खाली सगळी जत्रा जमलेली. बंब आला होता, पण फार काही करावं लागलं नाही, पोकळीतला धूर लगेच आटोक्यात आला. बाबांना मी आवारातल्या कट्ट्यावर बसवलं. कुणीतरी नाक्यावरून चहा आणला. नव्वदीचा म्हातारा पाठीवर हसरा ससा घेऊन चहा पितोय म्हणून अख्ख्या सोसायटीने फोटो काढले, आणि त्यांनी काढू दिले. बॅग उतरवायला तयार नव्हते. आधी काकींना फोन लावायला लावला. "वयनीनू, तुमची वस्तू खाली इली. उघडूक नाय हा." पलीकडून काकी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण बाबा पहिल्यांदा मोठ्याने हसले. बहुतेक साबणच निघाला असणार. मग म्हणाले, "माका आणखी एक चाय सांग." मी सांगितला. हात अजून सोडलेला नव्हता, त्यांनीही आणि मीही. लोक हळूहळू आपापल्या घरी जायला लागले. लेक धापा टाकत ऑफिसातून आली, आम्हाला बघितलं आणि शेजारी बसली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. लेकीने विचारलं तर किराण्याचा हिशोब करतेय म्हणून सांगेन. पण एक गोष्ट बाबांना कळता कामा नये, म्हणून तुझ्याच कानावर घालते. तिथे बसल्या बसल्या त्यांनी दोन-तीनदा विचारलं, "लिफ्ट चालू झाली काय गो?" आणि मी प्रत्येक वेळी सांगितलं, नाही बाबा, अजून वेळ आहे, बसा. लिफ्ट केव्हाच सुरू झाली होती.